आठवा महिना लागायच्या आधी

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. यात विचारण्यासारखं काही नसतंच. सातव्या महिन्यात माहेरचा मुराळी न्यायला येतो, सासरच्या बायका ओटी भरतात आणि लेक गाडीत बसते. अट एकच, आठवा लागायच्या आत. आठव्या महिन्यात गर्भारशीला गाव बदलू देत नाहीत. सातव्यात निघायची राहिली ती नवव्यापर्यंत राहिली, आणि नवव्यात भरल्या पोटाने कोण पाठवतं?

या एका अटीपायी मी खोटं बोलले. माझी पहिली मुलगी त्या खोट्यात गेली. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती, कोणी उपाशी ठेवलं नव्हतं, दवाखाना लांब नव्हता. असं काही असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. बायकांच्या आजारपणाच्या गोष्टीत सासू हाताशी असतेच, तिच्यावर ढकललं की काम भागतं. मीही दीड वर्ष तेच केलं.

परवा परत या

माझं सासर धुळ्यात. नवऱ्याचं, योगेशचं, मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्या मूळच्या साक्रीकडच्या खेड्यातल्या, अहिराणी बोलणाऱ्या, आणि बोलण्यात तुकडा पाडणाऱ्या. मी यावलजवळच्या एका गावची, केळीवाल्यांची एकुलती एक लेक, बी.एस्सी. झालेली. धुळ्यात एका क्लासमध्ये मुलांना विज्ञान शिकवत होते. म्हणजे माझ्या डोक्यात किती हवा असेल ते तुम्हीच समजा.

आत्यांचं म्हणणं होतं की बाळंतपण धुळ्यातच करावं. दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर, मग केळीच्या मळ्यात कशाला जायचं? आज मला यात एकही शब्द वावगा दिसत नाही. तेव्हा वाटलं, बाईला माझ्या आईचा मान खायचाय. आई रोज फोनवर विचारायची, "मंग कधी पाठवता?" आणि मी दोघींच्या मध्ये रस्सीखेचीतल्या दोरीसारखी ताणलेली. खरं तर मीही ओढतच होते, आईच्या बाजूने.

सातवा संपायला दोन दिवस राहिले असताना तपासणीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला न्यायला माझे काका गाडी घेऊन येणार होते. आत्या सोबत होत्या, बाहेर बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसलेल्या. सिस्टरने एकदा प्रेशर घेतलं, पाच मिनिटं बसवलं, पुन्हा घेतलं. वरचं दीडशे, खालचं शंभर. लघवी तपासली, त्यातही दोष निघाला. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, "गोळ्या देते. परवा परत या, वाटलं तर भरती करू. तोवर प्रवास बिलकुल नको. सोबत कोण आहे? त्यांना आत बोलवा."

मी म्हटलं, "एकटीच आलेय."

एवढंच. दोन शब्द. मधे एक हिरवा पडदा होता आणि पडद्यापलीकडे आत्यांच्या चपला दिसत होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हनी बाई?"

"सगळं नॉर्मल. ताकदीच्या गोळ्या दिल्यात."

घरी जाऊन फाइलमधला शेवटचा कागद काढला आणि कपाटात साड्यांखालच्या पेपरखाली सरकवला. पाय सुजले होते, पण ते सगळ्यांचेच सुजतात. डोकं जड होतं, पण ते आवराआवरीमुळे. विज्ञान शिकवणाऱ्या बाईकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. माहेरी जाऊन तिथल्या डॉक्टरला दाखवेन, असंही मनाशी ठरवलं होतं. हे सांगते, कारण आपण स्वतःला कसं फसवतो ते दिसावं. निव्वळ वाईट हेतूने कोणी काही करत नाही. मधे एखादं चांगलं कारण भरावंच लागतं.

तोंड दखू दे

निघताना आत्यांनी मला उजेडात उभं केलं. "थांब जराशी. माले दखू दे तुन्हं तोंड." हनुवटी धरून बघितलं. "सुजेल दिसस व पोरी. दोन दिन थांबी जाय. मी सोता लई जासू दवाखानामा."

दोन दिवस थांबले की आठवा लागणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मला वाटलं, हाच डाव आहे. मी काकांच्या देखत म्हणाले, "तुम्हाला माझी सूज आजच दिसली का? कालपर्यंत नाही दिसली?"

त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "जाय मंग. तुन्हं तू जान." ओटीचं ताट तयार होतं, ते शेजारच्या काकूंनी भरलं. आत्या आत निघून गेल्या. गाडी पारोळा ओलांडेपर्यंत मी जिंकल्याच्या आनंदात होते. एरंडोलनंतर उलटी झाली.

तेज

माहेरी आठ दिवस मिळाले. त्या आठ दिवसांत माझे इतके लाड झाले की लिहिताना लाज वाटते. थंडीचे दिवस होते. शेतात भरिताचा बेत झाला, कळण्याची भाकरी, ठेचा, लोणचं. पायात चप्पल जाईना म्हणून वडिलांची घातली. अंगठी साबण लावून काढली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पाय सुजले म्हणजे मुलगीच. आई म्हणायची, मुलगी तर मुलगी, माझ्या नशिबाची. डोकं ठणकायचं तेव्हा आई तेल लावून द्यायची. यावलच्या डॉक्टरकडे जायचं मी रोज उद्यावर ढकलत होते. तिथे गेलं की फाइल उघडावी लागणार, आणि आईसमोर शेवटचा कागद कुठे गेला ते सांगावं लागणार. खोट्याचं असंच असतं, एक सांभाळायला दुसरं लागतं.

रविवारी डोहाळजेवण झालं. फुलांचे दागिने, हिरवी साडी. फोटोत माझा चेहरा भाकरीसारखा फुगलेला आहे, डोळे बारीक झालेत. जमलेल्या पन्नास बायकांपैकी प्रत्येकीने म्हटलं, "काय तेज आलंय व पोरीले!"

सोमवारी सकाळी अंगणात आई माझी वेणी घालत होती. डोळ्यांपुढे चमचम व्हायला लागली, पोटात वरच्या बाजूला कळ आली. मी म्हटलं, "आई, मला तुझा हात दिसत नाहीये." हे माझं शुद्धीतलं शेवटचं वाक्य. पुढचं सगळं ऐकीव आहे. मला झटका आला. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी मिरच्या आणायला धावलं. काकांनी कोणाचं न ऐकता गाडी काढली. यावलला इंजेक्शन दिलं आणि पुढे जळगावला पाठवलं. वाटेत दुसरा झटका आला. जळगावला पोचलो तेव्हा माझा श्वास होता, बाळाचा ठोका नव्हता.

दवाखान्यातले दिवस

बुधवारी शुद्ध आली. आधी छत दिसलं, मग नाकातली नळी, मग दंडाला बांधलेला पट्टा. तो दर थोड्या वेळाने आपोआप फुगायचा आणि दंड आवळायचा. जीभ चावली गेली होती, बोलता येत नव्हतं. पोटावर हात नेला तर पोट नव्हतं. कोणाला विचारावं लागलं नाही. आई समोर होती, तिने मान फिरवली.

तिथे दिवस घड्याळाने जात नाही, प्रेशरच्या आकड्यांनी जातो. सकाळचे डॉक्टर आकडा विचारायचे, संध्याकाळचे तोच विचारायचे. आकडा उतरला की आईचा चेहरा सैल पडायचा. इंजेक्शनने अंगभर आग व्हायची. लघवीची पिशवी, पाय घासत चालणारी मावशी, फिनेलचा वास. शुक्रवारी मला वॉर्डात हलवलं. डॉक्टरांनी जे वाचवायचं ते वाचवलं, त्यांच्याबद्दल मनात काही नाही.

सगळ्यात वाईट पाचवा दिवस. दूध आलं.

याची तयारी कोणी करून देत नाही. गाऊन भिजला. छाती दगड झाली. शरीराला कोणी सांगितलंच नव्हतं. आई घाबरून नुसती रडायला लागली. शेजारच्या कॉटवर जळगावातल्याच एका गादीवाल्याची सून होती आणि तिची सासू. सासूला सगळे खाला म्हणायचे. त्या उठल्या, पडदा ओढला, स्वतःच्या पिशवीतली ओढणी काढून माझी छाती घट्ट बांधली. म्हणाल्या, "रो ले बेटी, मगर इसको हात मत लगा. दो दिन में उतर जाता." बांधताना त्यांचेही डोळे भरले होते. सूनबाईचं बाळ काचेच्या पेटीत होतं, त्याला दूध पुरत नव्हतं. त्या पडद्याआड आई, खाला आणि मी अशा आम्ही तिघी होतो आणि कोणीही देवाचं नाव काढलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

ही ओढणी बांधणं मी लक्षात ठेवलंय. कोणावर अशी वेळ आली तर डॉक्टर दूध थांबवायची गोळी देतात, तीही मागून घ्या. कोणी आपणहून सांगत नाही.

दारात कोण उभं होतं

आत्या आणि योगेश सोमवारीच धुळ्याहून आले होते. हे मला नंतर कळलं. आई आत्यांना कॉटजवळ येऊ देत नव्हती. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली होती, "माझी आजारी पोर गाडीत घालून दिली. सात महिने तुमच्या घरी होती, तुम्हाले सूज दिसली नाही?" आत्या त्यावर काही बोलल्या नाहीत म्हणे. तुकडा पाडणारी बाई गप्प बसली, त्याचा सगळ्यांनी एकच अर्थ काढला.

माझ्या शुद्धीआधी बाळाला हातात घेतलं ते फक्त आत्यांनी. आई माझ्यापाशी होती, योगेश कागदांवर सह्या करत होता. आत्यांनीच गुंडाळलं, आत्याच सोबत गेल्या, काकांनी मळ्याच्या बांधाला जागा करून दिली. मुलगी होती, एवढं मला सांगितलं. ती कशी होती हे सांगू शकेल अशी जगात एकच बाई होती आणि तिच्याच डोळ्यांत मला बघता येत नव्हतं.

शुद्धीत आल्यावर मी सांगू शकले असते. जीभ आठ दिवसांत बरी झाली. आई माझ्या केसांतून हात फिरवत आत्यांना नावं ठेवायची आणि मी डोळे मिटून घ्यायचे. आधी वाटलं, आई तुटून जाईल. मग वाटलं, योगेश सोडून देईल. मग वाटलं, आता फार दिवस झाले.

दोन महिन्यांनी धुळ्याला परतले. पहिल्याच दिवशी, घरात कोणी नाही बघून, कपाटातला तो कागद काढला आणि बंबात घातला. आंघोळीचं पाणी तापायला असा किती वेळ लागतो.

गप्प घर

त्या दीड वर्षाबद्दल थोडंच सांगते. योगेश आईशी कामापुरता बोलायचा. एकदा जेवताना म्हणाला, "तू बाहेर बसली होतीस ना त्या दिवशी? आत जाऊन विचारायला काय झालं होतं?" आत्यांनी ताटातला घास तसाच ठेवला. मी वरण वाढत होते, वाढत राहिले. पळी खाली ठेवून खरं सांगायला तिथे कितीसा वेळ लागला असता? मला त्या दुपारची जितकी लाज वाटते तितकी हिरव्या पडद्याचीही वाटत नाही.

आत्या बदलल्या. गल्लीतल्या डोहाळजेवणांना जायच्या बंद झाल्या. कोणी ओटी भरायला बोलावलं की म्हणायच्या, "मन्हा हातनं नको." मला वाटायचं, दुःख आहे, उतरेल. मीच विचारलं नाही, म्हणून कळलं नाही.

आणि मला रोज विचारावंसं वाटायचं, ती कशी होती? नाक कोणाचं होतं? त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघरात उभी राहायचे आणि म्हणायचे, "मीठ कुठे आहे?"

त्या वेळी आधी कधी वाढलं होतं?

दुसऱ्यांदा दिवस गेले. या वेळी आम्ही धुळ्यातच दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. आई गावाहून आली होती, एका खुर्चीवर ती, दुसरीवर आत्या. मधे मी. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. डॉक्टरांनी जळगावचे कागद वाचले आणि विचारलं, "झटका यायच्या आधी प्रेशर कधी वाढलेलं सापडलं होतं का? नीट आठवा. यावरून या वेळची औषधं कधी सुरू करायची ते ठरेल. मला अचूक हवंय."

आई म्हणाली, "नाही हो साहेब. सगळं नॉर्मल होतं. घरच्यांनी लक्षच दिलं नाही."

आत्यांनी पदर तोंडाशी धरला.

मी काही शूर वगैरे झाले नाही. मला पोटातल्या बाळाची भीती वाटली, एवढंच. म्हटलं, "सापडलं होतं. आठ-नऊ दिवस आधी. दीडशे-शंभर. लघवीतही होतं. प्रवास करू नका म्हणाल्या होत्या. मी कोणाला सांगितलं नाही."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. त्यांच्यासाठी ती माहिती होती. पेनाचा आवाज येत होता.

आई म्हणाली, "काहून व? काहून नाही सांगितलं?"

"आठवा लागत होता, आई. मला तुझ्याकडे यायचं होतं."

 आत्या उठल्या आणि बाहेर गेल्या. मी मागे गेले. त्या बाकावर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तुले जाय म्हनेल व्हतं. रागमा. वटी नही भरी. माले वाटे मन्हा तोंडनंच ती पोर गई. दीड वरीस मी मालेच दोस देत व्हतू."

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी पाय मागे घेतले.

त्याच संध्याकाळी योगेशला सांगितलं. तो दोन दिवस दुकानातच राहिला. परत आला तो आधी आईपाशी जाऊन बसला. माझ्याशी बोलायला त्याला महिना लागला आणि त्या महिन्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आईने जाण्यापूर्वी आत्यांचे हात धरले. म्हणाली, "ताई, माझं तोंड त्या वेळी काबूत नव्हतं." गावी जाऊन तिने ज्या ज्या बायकांपाशी आत्यांना नावं ठेवली होती, त्या प्रत्येकीला घरी जाऊन खरं सांगितलं. मला तेवढं कधी जमलं असतं की नाही, माहीत नाही. म्हणून इथे लिहितेय.

आत्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी माझं सगळं केलं. गोळी वेळेवर हातात दिली, दर आठवड्याला दवाखान्यात नेलं, आणि प्रत्येक वेळी पडद्याच्या आत आल्या. डॉक्टरला स्वतः विचारायच्या, "प्रेशर कितलं शे?" पण माझ्याशी कामाशिवाय बोलणं नाही. माहेरचा मुराळी आला नाही, आठव्याचा हिशोब कोणी केला नाही. नवव्यात धुळ्यातच मुलगा झाला. प्रेशर थोडं वाढलं, पण सगळे तयारीत होते.

तुमचे पाय सुजलेत, अंगठी अडकतेय, डोकं दुखायचं थांबत नाही, आणि घरात कोणाचा तरी मान राखायचा आहे, अशी कोणी हे वाचत असेल तर तिला एवढंच सांगते. सोबत जो असेल त्याला आत बोलवा. नावडता असेल तरी बोलवा.

विचारलं

बाळ वीस दिवसांचं असताना सकाळी आत्या त्याला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. मी दारात उभी होते. त्याच्या टाळूवर तेल जिरवताना त्या मधेच थांबल्या, त्याच्या विरळ केसांकडे बघत राहिल्या. मला कळलं, त्या कोणाला आठवतायत.

मी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. "आत्या, ती कशी होती?"

त्यांनी वाटीतलं तेल पुन्हा तळहातावर घेतलं. मग म्हणाल्या, "केस व्हतात. काळेभोर. कपायवर यी जायेल. याले नहीत तसा." त्याची मूठ उघडून म्हणाल्या, "बोटं लांबच लांब. तुन्हा बाप सारखा."

मी भिंतीला टेकून खाली बसले.

"तुले दखाडाले लई उनतू मी तिले. दारजोडे उभी ऱ्हायनू. तुन्ही मायनी आत येऊ दिन्हं नही. तू बी बेशुद्ध." त्यांनी बाळाला उचललं, टॉवेलमध्ये गुंडाळलं, आणि माझ्याकडे न बघता माझ्या मांडीवर ठेवलं. "मंग बाकवर बसनू. तिले दखत ऱ्हायनू. तुन्हा हिस्सानं बी मीच दखी लिधं."